मीटरपासून पार्किंगपर्यंत

सकाळी ७.१५

आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो बघणं, हे दिवसातलं पहिलं काम. नव्या इलेक्ट्रिक गाडीचा फोटो लोक न मागता पाठवतात. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, शेजारी सगळं घर उभं. मला त्याचा काही उपयोग नसतो. मला हवा असतो वीजबिलाचा फोटो, मीटरच्या बोर्डाचा फोटो आणि मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत चालत जाऊन काढलेला व्हिडिओ. बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो, तो बहुतेकांनी जन्मात वाचलेला नसतो. तिथे ३ किलोवॉट छापलेलं असेल आणि साहेबांनी ७.२ किलोवॉटचा चार्जर घेतला असेल, तर आज भिंतीला भोक पाडण्यात अर्थ नाही. आधी महावितरणकडे भार वाढवून घ्यायचा अर्ज. शोरूममध्ये हे कोणी सांगितलेलं नसतं. तिथे रंग कोणता हवा ते विचारतात.

गाडीत सामान भरतो. केबलची बंडलं, हॅमर ड्रिल, मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर, लग आणि क्रिम्पिंगची पक्कड, ग्लँड, सॅडल, केमिकल अर्थिंगच्या पावडरच्या दोन गोण्या. या सगळ्यात चार्जरचा खोका सगळ्यात हलका. तो भिंतीवर टांगायला अर्धा तास पुरतो. बाकीचा दिवस जातो त्याच्यापर्यंत वीज नीट पोचवण्यात.

सकाळी ८.३०, सहकारनगर

बंगला म्हणजे सुखाचं काम. मीटर स्वतःचा, भिंत स्वतःची, ना-हरकत कोणाची घ्यायची नाही. थ्री फेज कनेक्शन, मंजूर भार १० किलोवॉट, मीटरपासून पोर्च जेमतेम बारा मीटर. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, ४० अॅम्पियरचा एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी. हा आरसीसीबी साधा एसी टाइपचा चालत नाही. गाडीकडून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. निदान ए टाइपचा लागतो आणि ६ मिलिअॅम्पियरची डीसी गळती ओळखायची सोय खोक्यात आहे का, हे माहितीपत्रकात बघून घ्यावं लागतं. नसेल तर बी टाइप, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं.

दहा वाजेपर्यंत केबल ओढून झाली. मग अर्थ टेस्टर लावला. २८ ओहम. मी पाचच्या आत आल्याशिवाय काम सोडत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजलं तर ११ व्होल्ट. बंगला सत्तरच्या दशकातला. त्या वेळी खड्ड्यात प्लेट पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरायचे, आणि वरच्या नरसाळ्यातून उन्हाळ्यात पाणी घालत राहायचं असायचं. पाणी घालणारे गेले. नरसाळ्यावर आता टाइल्स आहेत.

काका म्हणाले, “अहो, इतकी वर्षं याच अर्थिंगवर फ्रिज चालतोय की.”

“चालतोय काका, कारण फ्रिज अर्थिंग तपासत नाही. हा चार्जर तपासतो.”

भिंतीवरच्या या खोक्याला आपण चार्जर म्हणतो, पण एसीची डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवर आहे तो शहाणा स्विच. गन गाडीत खुपसली की एका बारीक तारेवरून खोका १२ व्होल्टचा, सेकंदाला हजार ठोक्यांचा संदेश सोडतो. त्या ठोक्यांच्या रुंदीवरून गाडीला कळतं की १६ अॅम्पियर घ्यायचे की ३२. गाडी तयार असल्याचं कळवते, खोका अर्थिंग बघून घेतो आणि मगच आतला कॉन्टॅक्टर ‘खट्’ करून बसतो. तोवर गनमध्ये २३० व्होल्ट येतच नाहीत. अर्थिंग आवडलं नाही तर लाल दिवा. गाडीच्या कंपनीला फोन केला तर ते म्हणतात चार्जरवाल्याला विचारा, चार्जरवाला म्हणतो इलेक्ट्रिशियनला. काही इलेक्ट्रिशियन यावर न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून मोकळे होतात. हिरवा दिवा लागतो, पैसे मिळतात. पुढे कधी मीटरच्या बाजूने न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर फेज येईल, आणि तेव्हा तो इलेक्ट्रिशियन तिथे नसेल.

म्हणजे नवं अर्थिंग. पुण्यात खोदायचं तर वर हातभर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि तो किती खाली लागेल ते त्या जागेचं नशीब. पहिल्या ठिकाणी चार फुटांवर ऑगर अडकला. दुसरी जागा पारिजातकाच्या बुंध्याशी होती. काकू बाहेर येऊन उभ्या राहिल्या. “झाडाला काही झालं तर चार्जर काढून न्यायचा,” एवढंच म्हणाल्या. तीन फूट सरकलो. तिथे नशिबाने मुरूम खोलवर होता. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड उतरवला, भोवती पावडरचा गारा भरला, पाणी सोडलं. ३.६ ओहम. हिरवा दिवा लागला तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

बंगलेवाल्यांना आणखी एक सांगून निघतो. गीझर पंधरा मिनिटांनी बंद होतो, इस्त्री थांबून थांबून वीज घेते. चार्जर ३२ अॅम्पियर घेतो आणि चार-पाच तास घेतच राहतो. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण असं करत नाही. एक स्क्रू सैल राहिला तर गीझरला तो चालून जातो. इथे तो तापतो, इन्सुलेशन वितळतं आणि वास यायला लागतो. महिन्याभराने एकदा बोर्ड उघडून स्क्रू आवळून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. बोलावतात फार थोडे.

दुपारी १२, नारायण पेठ

इमारत नव्वदच्या आसपासची. बारा बिऱ्हाडं, खाली खांबांवर पार्किंग, जिन्याखाली मीटरचा बोर्ड. बोर्डासमोर चपलांचं कपाट, त्यावर गणपतीच्या मखराचं थर्मोकोल. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई शिक्षिका आहेत, त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गेला महिनाभर त्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर खाली सोडून स्कूटर चार्ज करत होत्या. पावसाची चिन्हं दिसली आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. शेजाऱ्यांचं बरोबर होतं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे: गाडी चार्ज करायला एक्स्टेन्शन लावायचं नाही, हलवता येणारं सॉकेट वापरायचं नाही, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर हवं आणि प्रत्येक पॉइंटला स्वतःची वेगळी लाइन हवी. उंचीचा नियम पेठेतल्या माणसाला समजावावा लागत नाही. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी किती चढतं, याची खूण भिंतीवर असतेच.

इथे ७.२ किलोवॉटचा काही संबंध नाही. स्कूटरचा चार्जर इस्त्रीपेक्षाही कमी वीज खातो, पूर्ण बॅटरी तीन-चार युनिटांत भरते. ताईंच्या स्वतःच्या मीटरवरून ४ चौरस मिलिमीटरची लाइन, पाइपातून, त्यांच्या खांबापर्यंत. मेटलक्लॅड सॉकेट, शेजारी एमसीबी आणि आरसीसीबी, वर झाकणाला कुलूप. कुलपाचा आग्रह माझा. एरवी कोणी मोबाइल लावतं, कोणी पाण्याची मोटर, आणि बिल ताईंचं येतं. केबल ४ ची का, स्कूटरला २.५ ची पुरली असती, असं हेल्परने विचारलं. पुरली असती. पण उद्या या घरात छोटी चारचाकी आली तर १५ अॅम्पियर लागतील आणि तेव्हा पुन्हा भिंत फोडावी लागेल. केबलमध्ये कंजुषी केली की मजुरी दोनदा द्यावी लागते.

आज गुरुवार. पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार, या भागात दोनपर्यंत वीज नव्हती. आम्हाला ते सोयीचंच. जोडणी बंद लाइनवर निवांत झाली, फक्त चाचणी राहिली. समोर थाळी खाल्ली, दोन वाजता दिवे आले, सॉकेट तपासलं, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं. ताईंना ते महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं. “पगाराच्या दिवशी दाबीन,” म्हणाल्या.

दुपारी ३.१५, वाकड

दोन बेसमेंट, चार विंग, तीनशे फ्लॅट. इथे आज काम करायचं नाही, फक्त बोलायचं आहे, आणि हेच सगळ्यात अवघड.

ज्यांनी बोलावलं ते आयटीतले, चाकणला तयार झालेली नवी एसयूव्ही त्यांना रविवारी मिळणार. ५९ युनिटांची बॅटरी. ७.२ चा चार्जर घ्यावा की ११.२ चा थ्री फेजवाला, हा त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न वेगळा होता: मीटर कुठे? मीटर तळमजल्यावरच्या खोलीत, पार्किंग दुसऱ्या बेसमेंटच्या पार टोकाला. टेपने मोजलं, वळणं धरून ८० मीटर.

केबल म्हणजे लांबलचक पाइप. तोंडाला कितीही जोर असला तरी शेवटच्या नळाला धार बारीक होते. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून ८० मीटरवर ३२ अॅम्पियर नेले तर वाटेत जवळपास १६ व्होल्ट गळतात. त्या १६ व्होल्टांची उष्णता होऊन भिंती तापतात आणि बिल मात्र पूर्ण येतं. १० ची केबल घातली तर साडेनऊ व्होल्ट, पण केबलची किंमत चार्जरच्या किमतीशी स्पर्धा करते. आता तेच गणित १५ अॅम्पियरने करा, म्हणजे ३.३ किलोवॉटचं. ६ च्याच केबलवर साडेसात व्होल्टही जात नाहीत.

“पण साडेतीनने गाडी भरायला वीस तास लागतील,” साहेब म्हणाले.

शून्यापासून भरली तर लागतील. रोज शून्यावर कोण आणतं? ऑफिस खराडीला. जाऊन-येऊन ५० किलोमीटर. एका युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर रोज आठ युनिटं. ३.३ च्या सॉकेटवर तीन तासांत भरतात, आणि गाडी रात्री दहा तास उभी आहे. गावी जायचं असेल त्या आदल्या रात्रीही तीसेक युनिटं चढतात. उरलेली वाटेत महामार्गावर, डीसी चार्जरवर. मोठा चार्जर वाईट नाही, माझा तर त्यात फायदाच आहे. पण शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्या दहातल्या आठ माणसांना ३.३ पुरतो, हे माझं स्पष्ट मत आहे. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर पळणारा असेल तर गोष्ट वेगळी.

मग कमिटी आली. चेअरमन, सेक्रेटरी मॅडम आणि खजिनदार. चेअरमनचा पहिला मुद्दा नेहमीचा: “यांना दिलं तर उद्या सगळे मागतील.” याला लोक आडमुठेपणा म्हणतात. मला तो प्रश्न खरा वाटतो. तीनशे जणांनी ७.२ चे चार्जर लावून एकाच वेळी चालू केले तर २,१६० किलोवॉट होतात. सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा, त्यावर लिफ्ट, पंप आणि तीनशे घरांचे एसी आधीच बसलेले. एकाच वेळी सगळे कधी लावत नाहीत, हे खरं. पण संध्याकाळी आठला घरी आल्या आल्या बरेच जण लावतात, आणि नेमका तेव्हाच घरांचाही भार चढलेला असतो. केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत २०१९ मध्ये नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागा चार्जिंगयोग्य ठेवायची तरतूद आली. ही इमारत त्याआधीची, इथे कोणी तसा विचार केलेला नाही.

पहिल्याने आपली ८० मीटर केबल ओढली, मग दुसऱ्याने, मग पाचव्याने, की केबल ट्रेवर गुंताळा होतो आणि सहाव्याला जागाच उरत नाही. त्यापेक्षा सोसायटीने एकदाच मोठी मुख्य केबल बेसमेंटमध्ये उतरवावी, तिथे चार्जिंगचं वेगळं पॅनेल बसवावं आणि तिथून ज्याला हवी त्याने दहा-पंधरा मीटरची आपली लाइन घ्यावी. पॅनेलवर भार वाटून देणारं नियंत्रण बसवता येतं: एकूण मर्यादा ठरवायची, गाड्या वाढल्या की प्रत्येकीचे अॅम्पियर आपोआप कमी होतात, रात्री दोनला गर्दी सरली की पुन्हा वाढतात. यात माझी पाच कामं जाऊन एक उरतं, तरी मी हेच सुचवतो.

खजिनदारांनी विचारलं, सोसायटीने चार्जर लावून सभासदांकडून पैसे घेतले तर वीज विकल्याचं लायसन्स लागेल का? नाही. गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या एप्रिलमध्येच केला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाल्यापासून गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. घरच्या मीटरवर गाडी चढवली की वाढलेली युनिटं वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि त्यांना जास्त दर लागतो. म्हणून वेगळ्या मीटरचं गणित कागदावर करून बघावंच.

सेक्रेटरी मॅडमनी शेवटी मनातलं विचारलं. “आग लागली तर?”

२०२२ च्या मार्चमध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला होता. त्यानंतर दुचाकींच्या बॅटरीच्या चाचण्या, एआयएस १५६ च्या, कडक झाल्या. भीती विसरा असं मी सांगत नाही. पण बेसमेंटमधला माझा रोजचा शत्रू बॅटरी नाही. सैल जोड, जाड अॅल्युमिनियमला पिळलेलं बारीक तांबं, खोट्या मार्काचा एमसीबी हे माझे शत्रू. त्यांच्यासाठी नियम पुरेसे आहेत, पाळले तर. केबल भिंतीतून जाते तिथलं भोक आगरोधक सीलंटने बुजवणं, पॅनेलजवळ अग्निशामक, सगळं बंद करणारा एक स्विच वॉचमनच्या केबिनमध्ये. मॅडमनी हे लिहून घेतलं. न भांडता लिहून घेणारी कमिटी भेटली की मी अंदाजपत्रकात थोडे पैसे कमी लावतो.

बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नव्हती. म्हणजे अॅपवरच चालू होणारा चार्जर इथे शोभेचा. कार्डावर चालणारा किंवा गन लावताच सुरू होणारा हवा. ही गोष्ट खोका विकत घेण्याआधी कळली, एवढं त्या साहेबांचं नशीब चांगलं. रविवारची गाडी तूर्तास ऑफिसातल्या चार्जरवर भरायची, असं ठरलं.

संध्याकाळी ६, रस्त्यात

शिरूरच्या बाजूच्या एका फार्महाउसवाल्यांचा फोन. रात्री चार्जर मध्येच बंद पडतो. व्होल्टेज विचारलं तर १७५. अंदाज आला. “कनेक्शन कोणतं?” “शेतीपंपाचंच, दुसरं नाही.” मग स्टॅबिलायझरचा विषयच काढला नाही. शेतीच्या लाइनला थ्री फेज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि सगळे पंप एकदम चालू झाले की व्होल्टेज बसतं. शिवाय पंपासाठी दिलेल्या विजेवर गाडी चार्ज करणं म्हणजे मंजूर कारणाबाहेर वापर, वीज कायद्याचं कलम १२६. आधी घरगुती कनेक्शन घ्या, मग बोलू, म्हटलं. नाराज झाले.

संध्याकाळी ६.४५, पिंपळे सौदागर

हे उतरवण्याचं काम. भाडेकरू कुटुंब बंगळुरूला चाललंय. चार्जर त्यांचा, तो काढून खोक्यात भरून दिला. केबल कोणाची, यावर घरमालक आणि भाडेकरू यांच्यात माझ्यासमोर वाद. भाडेकरूने पैसे भरलेत, पण केबल भिंतीला धरून गेली आहे, काढली तर रंग जाईल. शेवटी मालकाने निम्मे दिले. मी टोकाला बंद डबा लावला, एमसीबी खाली पाडून त्यावर चिठ्ठी चिकटवली. भाड्याच्या घरात चार्जर लावणार असाल तर करारात केबलसाठी एक ओळ घालून घ्या. त्या एका ओळीने वाद मिटतात.

रात्री ८.३०

घरी. सहकारनगरच्या कामाचा रिपोर्ट लिहितो: इन्सुलेशनचा आकडा, अर्थिंगचा आकडा, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला, अर्धा तास भार चालवल्यावर टर्मिनल किती तापलं. सोबत फोटो. गिऱ्हाईक तो वाचत नाही, पण दोन वर्षांनी काही बिघडलं तर भांडणात तोच कामाला येतो.

माझी स्वतःची गाडी सीएनजीवर चालते. लोक हसतात. मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि गाडी रात्री गल्लीत उभी असते. फुटपाथवरून केबल ओढता येत नाही, महापालिकेच्या खांबाला सॉकेट नाही. या शहरात माझ्यासारख्यांच्या गाड्या थोड्या नाहीत, आणि बंगला, फ्लॅट, सोसायटी यांच्यासाठी जे नियम झाले त्यांत आम्ही कुठे बसत नाही. पार्किंग असणं हीच इलेक्ट्रिक गाडीची पहिली पात्रता आहे.

ज्यांच्याकडे पार्किंग आहे, त्यांना एक विनंती. गाडी बुक करण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्या. पार्किंगचा क्रमांक, किती किलोवॉट हवेत, केबल कोणत्या मार्गाने येईल आणि खर्च कोण करणार, एवढं त्यात लिहा. फोनवर बोलून सोडू नका. अर्जाच्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. गाडी ठरल्या दिवशी दारात येते, कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होते.